शामरावच्या नाकावर टिच्चून सोडलेली दारू

दारू सुटलेली माणसं लिहायला बसली की देवाचे आभार मानतात, बायकोचे मानतात आणि ज्यांनी वाईट केलं त्यांना मोठ्या मनानं माफ करून टाकतात. माझ्याकडून तसलं काही होणार नाही, आधीच सांगतो. माझी दारू सुटली ती रागानं. मला एका माणसाचं तोंड पाडायचं होतं आणि पिऊन ते जमत नव्हतं. तुमच्यापैकी कोणी आज खाटेवर थरथरत पडला असेल आणि त्याला देव आठवत नसेल, तर त्यानं घाबरू नये. मलाही आठवला नव्हता. मला शामराव आठवायचा.

शामराव माझा साडू. माझ्या बायकोच्या, गिरजाच्या, थोरल्या बहिणीचा नवरा. आम्ही दोघंही भंडाऱ्याकडचे, धानाची शेती भावांवर सोडून भिलाईला आलेले. तेव्हा कारखाना नुकता उभा राहत होता. शामराव माझ्याआधी आला म्हणून जमादार झाला, आणि मी त्याच्याच टोळीत खलाशी म्हणून लागलो. खलाशी म्हणजे समुद्रावरचा नव्हे. दोरखंड आणि कप्पीनं जड लोखंड वर चढवणारा.

औषध

आज जिथे डांबरी रस्ते आणि क्वार्टरं आहेत तिथे तेव्हा नुसता लाल मुरूम होता. लॉऱ्या जायच्या आणि धूळ उडायची, ती खाली बसायच्या आत दुसरी लॉरी. त्यात सिमेंट. संध्याकाळी थुंकलं तर थुंकी लाल पडायची. ठेकेदार धुळीवर उतारा म्हणून गुळाचा खडा वाटायचा. शामराव तो खडा हातात घेऊन हसायचा.

"गूळ लेकराईले देतेत. छातीतली धूळ मोहाच्या पाण्यानंच धुवून निघते."

आमच्या टोळीत यावर कोणालाच शंका नव्हती. भंडाऱ्याकडचे, बालाघाटकडचे, इथले छत्तीसगढी, सगळेच मोहाची दारू धुळीवरचं औषध म्हणून घ्यायचे. मीही घेतली. आधी नाक दाबून घेतली. घरी गिरजा स्वतः पितळेच्या पेल्यात ओतून द्यायची आणि वर विचारायची, छाती मोकळी वाटते का? वाटायची. म्हणून दुसरा पेला. शामराव पेला संपवून तोंड पुसायचा आणि उठून जायचा. मला उठता येत नसे. हा फरक आमच्यात पहिल्यापासून होता, पण तेव्हा कोणाच्या लक्षात आला नाही. आला असला तर शामरावच्याच आला असेल.

पुढचं सगळं इथे सांगत बसत नाही. पिणाऱ्यांची गोष्ट पिणाऱ्याला ठाऊक असते. कारखान्यात धूर निघायला लागला तोवर मी कामावर हजर कमी आणि सुपेला वस्तीतल्या दारूच्या भट्टीवर जास्त असायचो. शामरावनंच मला उंचीच्या कामावरून खाली उतरवलं, साऱ्या टोळीसमोर. "हा पडन आन् दुसऱ्याईलेबी पाडन." खरं होतं ते. खरं बोलला म्हणून मला त्याचा राग कमी आला असं मात्र झालं नाही. जास्तच आला.

खाटेवर

एका दुपारी मी कामावरच कोसळलो. दवाखान्यात बंगाली डॉक्टरांनी डोळ्याखालची कातडी ओढून पाहिली, पोटावर बोटं वाजवली आणि गिरजाकडे न बघता मला म्हणाले, "लिवर है. और पीना हो तो पहले घरवाली से कह दो, सफेद साड़ी निकालकर रखे." मी हसलो. मला वाटलं, डॉक्टर गंमत करतायत. गिरजा मात्र भिंतीला टेकली आणि तशीच खाली बसली. तिला पाहिलं तेव्हा कळलं की गंमत नव्हती.

पहिले काही दिवस माझे नव्हतेच. चादरीवर मुंगळे चालायचे. मी ते झटकायचो, आणि बाजूच्या खाटेवरचे लोक एकमेकांकडे बघायचे. वॉर्डबॉयनं पट्टीनं हात खाटेला बांधले. तो भला माणूस होता, बांधताना "बुरा मत मानना कका" म्हणाला. सकाळी फिनेलचा वास, मग दूध, मग डॉक्टरांची फेरी, मग ती लांबलचक दुपार. हातातला पेला ओठापर्यंत यायच्या आत अर्धं दूध छातीवर सांडायचं. केरळची एक नर्स होती. तिनं आपले दोन्ही हात माझ्या हातांवर ठेवले आणि पेला वर आणला. रोज आणायची. तिला मराठी येत नव्हतं, मला मल्याळम येत नव्हतं, आणि हिंदी दोघांचीही अशीतशीच. तिच्याइतकं माझ्याशी तेव्हा कोणीच चांगलं वागलं नाही.

गिरजा आणि आमची एकुलती एक पोर सुमन तोवर शामरावच्या घरी राहायला गेल्या होत्या. त्याला मूलबाळ नव्हतं. त्यानं सुमनला नवी साडी घेतली, सायकलवर मागे बसवून बाजारात नेलं. आमच्याकडे आईच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला पोरं 'मोठे बाबा' म्हणतात. रीतच आहे, सुमनही लहानपणापासून म्हणायची. पण हात खाटेला बांधलेले असताना आपल्या पोरीच्या तोंडून "मोठे बाबांनी आणलं, मोठे बाबा म्हणाले" ऐकायला मिळालं की रीत गेली खड्ड्यात असं वाटतं.

एका संध्याकाळी शामराव आला. इस्त्रीचा सदरा, हातात मोसंब्यांची पिशवी. वॉर्ड भरलेला. मागे गिरजा आणि तिची बहीण. सुमनचं लग्न आमगावकडच्या एका पोराशी ठरत होतं, ते मला तिथंच कळलं. शामरावनं पिशवी खाटेखाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"तू आराम कर, नारायण. सुमनचं कन्यादान मी आन् माही बायको करतो. बोहल्यावर बेवडा बसलेला दिसला त सोयरे वापस जातीन."

मी गिरजाकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. बाजूच्या खाटेवरचा पाय मोडलेला माणूस उगाच छताकडे बघायला लागला.

बाप जिवंत असताना पोरीचं कन्यादान दुसऱ्यानं करायचं, म्हणजे बापाला जिवंतपणी तिरडीवर चढवणं. त्या रात्री मी ठरवलं. त्यात देव नव्हता, घरसंसार नव्हता, लिवर तर नव्हतंच. शामरावला बोहल्यावर बसू द्यायचं नाही, एवढंच.

वखार

ठरवलं तर खरं, पण ठरवण्यात माझा हात कोणी धरला नसता. आजवर मी शंभर वेळा ठरवलं होतं.

बाजूच्या खाटेवरच्या माणसाला भेटायला रेल्वेचा एक गार्ड यायचा. नागपूरकडचा मराठी माणूस, दुर्ग लाइनवर ड्यूटी, सगळे त्याला गार्डबाबू म्हणायचे. एकदा त्यानं माझ्या हातातलं दूध सांडताना पाहिलं आणि सरळ स्टूल माझ्याकडे ओढलं.

"माया हात याच्याहून जास्त थरथरे. हिरवी झेंडी दाखवाले धरली का ड्रायव्हरले वाटे, काही खतरा हाये."

मी त्याच्याकडे पाहिलं. हात स्थिर, दाढी घोटलेली. मला पटेना. तो म्हणाला, "आमी काही जण रविवारी बसतो. सारे पिनारे. आता पीत नाही. कोन्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हरनं मले हे शिकवलं, बसाचं आन् आपलं आपलं सांगाचं. डॉक्टर नाही, भटजी नाही, भाषन नाही. सुटी झाली का येजो."

"मंग तेथं करतेत काय?"

"चहा पेतेत," तो म्हणाला.

पावर हाउस भागातल्या बाजारामागे एका सरदारजीची लाकडाची वखार होती. रविवारी करवत बंद असायची, म्हणून बैठक तिथे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दोनदा फाटकावरून पुढे निघून गेलो. तिसऱ्या वेळी सरदारजींनीच आतून हाक मारली, "ओए, अंदर आ जा, सब यही करते हैं." सालवृक्षाच्या ओंडक्यांवर माणसं बसलेली होती, पायाखाली भुसा. सरदारजी स्वतः त्यांतलेच. एक कुट्टी नावाचा ख्रिस्ती वेल्डर, एक शाळामास्तर, एक लॉरीवाला. मी त्यांची तोंडं न्याहाळत राहिलो. यांच्यातला एक तरी चोरून पीत असेल, असं मनात येत होतं. आपल्यासारखेच सगळे, असं समजायची सवय पिणाऱ्याला असते.

तिथला नियम एकच. आपल्याबद्दल बोलायचं, दुसऱ्याबद्दल नाही. कोणी म्हणालं, पोरांसाठी सोडली. कोणी म्हणालं, वाहेगुरूसाठी. माझी पाळी आली. मी म्हणालो, "मैं अपने साढ़ू की नाक काटने के लिए छोड़ रहा हूँ."

कुट्टी इतका हसला की त्याचा चहा सांडला. गार्डबाबू हसले नाहीत.

"काट, पन आधी हात त थिर होऊ दे. थरथरत्या हातानं काटाले जाशीन त आपलंच बोट कापशीन."

मी दर रविवारी जायला लागलो. दर रविवारी शामरावबद्दल बोलायचो. त्यानं काय केलं, काय म्हणाला, मला वरून खाली कसं उतरवलं, मोसंबी कशी आणली. नियम मोडतोय हे ठाऊक होतं. मास्तर एकदा वैतागून म्हणाले, "अहो, तुमच्या साडूचा चेहरा आता आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त ओळखीचा झालाय." गार्डबाबू नुसते म्हणायचे, "बोलू द्या त्याले. याले जिवंत ठेवून रायला ना तो शामराव, ठेवू द्या."

आणि ते खरंच होतं, हे मी इथे लिहून ठेवतो. पगाराच्या दिवशी सुपेल्याच्या चौकातून घरी येताना पाय आपोआप भट्टीकडे वळायचे. एकदा तर मी बसलो, पेला हातात घेतला, वास नाकात गेला. तेवढ्यात डोळ्यांसमोर शामराव आला, दात काढून "मी म्हनलं नव्हतं?" असं म्हणणारा. मी पेला खाली ठेवला आणि तिथून पळालो. त्या दिवशी मला देवानं वाचवलं म्हणणारे म्हणोत. मग त्या देवाचा सदरा इस्त्रीचा होता, असं म्हणायचं.

गिरजा

गिरजा आणि सुमन परत आल्या, पण विश्वास त्यांच्याबरोबर आला नाही. मी कामावरून आलो की गिरजा दारात उभी राहायची, आणि मी तोंड उघडून श्वास सोडायचा. शेजारपाजारच्या बाया बघायच्या. मी संतापायचो, पण सोडायचो. सुमन तर मी आत आलो की स्वयंपाकघरात जायची. पूर्वी मी पिऊन येऊन काय काय करायचो, ते तिनं पाहिलेलं होतं. ती माझ्याशी बोलायची नाही, फक्त ताट वाढायची.

एक दिवस मी दारात तोंड उघडलं, तर गिरजा म्हणाली, "राहू दे."

मग ती तिच्या बहिणीकडे गेली आणि तिला म्हणाली, "कन्यादान सुमनचे बाबाच करतीन. तिचा बाप जित्ता हाये अजून." ती बहीण रडली म्हणतात. तिनं मनात सगळं रंगवून ठेवलं होतं, तांब्या आपण धरायचा, कन्यादानाचं पाणी आपण सोडायचं. लोक मला सांगायला आले, बाबा, त्यांना लेकरू नाही, एवढं पुण्य त्यांना घेऊ दे, समजून घे. मी समजून घेतलं नाही. अजूनही घेत नाही. ज्याला पोरगी पाहिजे त्यानं दुसऱ्याचा बाप मारू नये.

मांडव

लग्न आमच्याच क्वार्टरसमोर होतं. मुहूर्त सकाळचा. कन्यादान करणाऱ्यानं उपाशी राहायचं असतं, म्हणून मी पाणीही घेतलं नव्हतं. मांडवामागे चुली पेटल्या होत्या, कढईत बुंदी पडत होती. मी तिथे उभा होतो, तेवढ्यात शामराव आला. हातात पितळेचा पेला, वर रुमाल.

"तोंड कसं सुकलं पाय तुहं," तो हळूच म्हणाला. "घोटभर घे. आजच्या दिवशी कोन काही म्हनत नाही. छातीतली धूळ बसते."

तोच वास. तोच आवाज, तेच औषध. मला आजही ठरवता येत नाही की त्यानं जाणूनबुजून केलं की जुन्या सवयीनं. मी तेव्हा ठरवायला थांबलोच नाही. पेला घेतला. तोंडापर्यंत नेला, मुद्दाम, त्याचे डोळे चमकतात का बघायला. आणि सगळी दारू समोरच्या चुलीत ओतली.

चांगल्या मोहाची होती. जाळ कढईच्या वर गेला. आचारी ओरडून मागे सरकला, बाया धावत आल्या, आणि सगळ्यांनी पाहिलं की माझ्या हातात रिकामा पेला आहे आणि शामरावच्या हातात रुमाल. कोणाला काही सांगावं लागलं नाही. मी पेला त्याच्या हातात दिला आणि बोहल्यावर जाऊन बसलो.

एवढ्यावर माझं समाधान झालं नाही. कन्यादान झालं की आमच्यात पाय धुवायची रीत असते. आईबापानंतर मानानं थोरला साडू पुढे येतो, नवरा-नवरीचे पाय धुतो, टिळा लावतो. शामराव पंचा खांद्यावर टाकून तयार उभा होता. मी हाक मारली, "सरदारजी, आइए." वखारीतली सगळी मंडळी आली होती, न्हाऊनमाखून, स्वच्छ कपड्यांत. सरदारजी पुढे आले. मग कुट्टी. मग लॉरीवाला. मांडवात कुजबुज सुरू झाली, ख्रिस्ती माणूस पाय धुतोय, हे काय? भटजी माझ्याकडे बघत राहिले. मी एकेकाला नावानं बोलावत गेलो, गार्डबाबू, मास्तर, आणि शामराव पंचा घेऊन उभाच. शेवटी कोणीच उरलं नाही तेव्हा मी म्हणालो, "या आता, भाऊ."

तो आला. वाकला. त्याचे हात थरथरत होते.

इतके दिवस मी त्याच क्षणासाठी जगलो होतो. खोटं कशाला बोलू, गोड लागला.

दुर्ग स्टेशन

दुपारच्या पॅसेंजरनं वरात निघाली. दुर्गच्या प्लॅटफॉर्मवर सुमन खिडकीशी बसली होती, मुंडावळ्या सैल झालेल्या. मी खिडकीचा गज धरून उभा होतो. गाडीनं शिट्टी दिली तेव्हा तीच बोलली. किती दिवसांनी ती माझ्याशी आपणहून बोलत होती.

"बाबा, तुमी माया हात धरला, आईनं पानी सोडलं, तेव्हा मी तुमच्याकडं पाहून राहिली होती. म्हनलं, आता तरी माया बाप मले पाहीन." तिनं डोळे पुसले. "तुमी मोठे बाबांकडंच पाहून राहिले होते. कावून?"

गाडी हलली. मी गजाबरोबर चालत गेलो, मग धावलो, मग प्लॅटफॉर्म संपला.

मी आठवून पाहिलं. शामरावचा चेहरा आठवत होता, त्याच्या गालाची हललेली शीर, खांद्यावरचा पंचा, सगळं. सुमनचा हात माझ्या हातात होता, पण तिचा चेहरा नव्हता. तिनं नथ कुठल्या बाजूला घातली होती हेही सांगता येईना. माझ्या एकुलत्या एका पोरीचं कन्यादान मी केलं आणि ते पाहिलं नाही.

पिण्याची तलफ अशी कधीच आली नव्हती, खाटेवरसुद्धा नाही. जिंकल्यावर ती येते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी तुम्हाला सांगतो. राग तुम्हाला दारापर्यंत नक्की आणून सोडेल. त्यापुढे त्याच्याकडे काही नसतं.

गार्डबाबू माझ्या मागेच उभे होते. बहुतेक मुद्दामच स्टेशनपर्यंत आले होते.

"मले प्यावंसं वाटून रायलं," मी म्हणालो.

"चाल, चहा पिऊ."

आम्ही टपरीवर उभे राहिलो. पेला दोन्ही हातांनी धरावा लागला. चहा संपत आला तेव्हा त्यांनी विचारलं, "झाला बदला?"

"झाला."

"मंग रविवारी येजो," गार्डबाबू म्हणाले. "या खेपेले एकटा येजो. शामरावले संगं आनू नको."